लोकी थॉरचा भाऊ नव्हे, आणि त्याचं देऊळही नाही

कोथरूडला अमृततुल्यच्या बाकड्यावर परवा पुन्हा ऐकलं, 'लोकी म्हणजे थॉरचा भाऊ, नॉर्स लोक त्याची पूजा करायचे.' बशीत सांडलेला चहा तसाच राहिला आणि वाद रंगला.

नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातले लोक; थॉर त्यांचा मेघगर्जनेचा देव, लोकी त्यांच्या कथांमधला कपटी, खोडकर देव. पण वरची दोन्ही विधानं चूक. भाऊपणा आला 1960 च्या दशकातल्या मार्वल कॉमिक्समधून. तेराव्या शतकातल्या आइसलँडिक हस्तलिखितात लोकी देवांचा राजा ओडिनला आठवण करून देतो, की आपण पूर्वी रक्त मिसळलं होतं. ओडिन थॉरचा बाप, म्हणजे लोकी थॉरच्या बापाचा रक्तबंधू. नात्याने काकाच म्हणा!

आता पूजा. देव कुठे पुजला जायचा हे गावांची नावं सांगतात. आपल्याकडे वेताळ टेकडी आहे, कारण वर वेताळाचं देऊळ आहे. तसं उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची राजधानी तोर्सहाव्न, म्हणजे थॉरचं बंदर. इंग्रजी गुरुवारही (Thursday) थॉरचाच. लोकीच्या नावाचं एकही खात्रीचं पूजास्थान सापडलेलं नाही. कथांमध्ये मात्र तो सगळीकडे आहे: थॉरची बायको सिफ हिचे केस कापणारा, घोडी होऊन आठ पायांचं शिंगरू जन्माला घालणारा, शेवटी रॅग्नरॉकला, म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईत, देवांवरच चालून येणारा.

पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर अशी देवांना नावं ठेवणाऱ्या पुणेकरांनी त्याला एखादं नाव नक्की दिलं असतं.