विजया मेहता : रंगभूमी ते पडदा

विजया मेहता (जन्म : ४ नोव्हेंबर १९३४, बडोदा) या मराठी दिग्दर्शक आणि अभिनेत्री. नाट्यसृष्टीत त्यांना नुसते 'बाई' म्हणतात. १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींसोबत त्यांनी 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली. फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या 'खुर्च्या' आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' (१९६६) हे या संस्थेचे गाजलेले प्रयोग, प्रेक्षक मोजकेच असले तरी. पुढे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्टचे 'अजब न्याय वर्तुळाचा' केले.

प्रायोगिक नाटकातून आलेल्या बाई व्यावसायिक रंगभूमीवर तितक्याच सहज वावरल्या, याचे नवल अजून पुरेसे झालेले नाही. जयवंत दळवींची 'संध्याछाया', 'बॅरिस्टर' व 'पुरुष', अनिल बर्वे यांचे 'हमीदाबाईची कोठी' आणि महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' ही त्यांनी बसवलेली नाटके. यातल्या बऱ्याच नाटकांत घर आणि त्याची पडझड केंद्रस्थानी आहे.

पडद्यासाठीही त्यांनी हीच घरे पुन्हा उघडली. 'बॅरिस्टर'चा 'रावसाहेब' (१९८५) हा हिंदी चित्रपट झाला, 'वाडा चिरेबंदी'वरून 'हवेली बुलंद थी' ही दूरचित्रवाणीकृती. विलायतेहून परतलेला सुधारक विचारांचा बॅरिस्टर आणि घरातली तरुण विधवा राधाक्का यांची गोष्ट म्हणजे 'बॅरिस्टर'. रंगमंचावर विक्रम गोखले यांनी बॅरिस्टर उभा केला, पडद्यावर अनुपम खेर यांनी. केशवपन झालेली मावशी मात्र दोन्हीकडे बाईंनीच केली. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज आणि हातवारे कॅमेऱ्यापुढे आवरते घ्यावे लागतात. नाटकातून आलेले अनेक नट तिथेच अडखळतात. बाईंची मावशी अडखळली नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'स्मृतिचित्रे' या लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरील चित्रपटात दिग्दर्शनासोबत त्यांनी लक्ष्मीबाईंची भूमिकाही केली. पारशी समाजातल्या दोन मित्रांवरचा 'पेस्तनजी' मात्र त्यांच्या कोणत्याही नाटकातून आलेला नव्हता. त्यात नसीरुद्दीन शाह, अनुपम खेर आणि शबाना आझमी होते. रुग्णालयाच्या पार्श्वभूमीवरची 'लाइफलाइन' ही मालिकाही त्यांचीच.

दिग्दर्शनासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९७५) आणि पद्मश्री (१९८७) त्यांना मिळाले. नंतर बरीच वर्षे मुंबईच्या राष्ट्रीय संगीत व नाट्य केंद्राची (एनसीपीए) धुरा त्यांच्याकडे होती. 'झिम्मा' हे त्यांचे आत्मकथन.