बीटी कपाशी आणि एडिट केलेला धान: दोन्हीला एकच शिक्का नको

४ मे २०२५ ला कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या, कमला आणि पुसा डीएसटी राईस १, आणि दुसऱ्याच दिवशी यवतमाळहून मामांचा फोन, "काय रे, आता धानातही बीटी आणलं म्हणे?" मी शेतकी शिकतोय म्हणून घरातले असले सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. मी म्हटलं मामा हे बीटी नाही, जीन एडिटिंग आहे, तर म्हणाले नाव बदललं की वस्तू बदलते का? तेव्हा फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता बसून नीट लिहितोय.

आधी बीटी घ्या. मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, त्यावरूनच बीटी, त्याचं प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं की अळी मरते, तर ते प्रथिन बनवणारा जीन उचलून कपाशीत घातला. आता फवारणी न करता झाडच ते प्रथिन बनवतं. कपाशीचा कपाशीशी कितीही संकर केला असता तरी जिवाणूचा जीन तिच्यात आलाच नसता, आणि जीएम (जेनेटिकली मॉडिफाइड) पिकावरून जो वाद होतो त्याच्या मुळाशी ही परक्या जीवाचा जीन घालण्याची गोष्ट आहे. २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि आजही शेतकऱ्याला कृषी केंद्रात बिल घेऊन विकत मिळणारं जीएम पीक आपल्याकडे तेवढं एकच.

कमलाचं वेगळं आहे. ही जात सांबा महसुरी या भाताच्या आधीच्या वाणापासून केली, हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेत. भातात सायटोकायनिन नावाचं हार्मोन असतं, ते जास्त असलं की लोंबीला दाणे जास्त भरतात, पण भाताचाच एक जीन ते हार्मोन तोडणारं एन्झाइम बनवतो. क्रिस्पर नावाच्या, जीन कापणाऱ्या कात्रीने त्या जीनमध्ये नेमक्या जागी काप घेतला, पेशीने तो काप स्वतःच जोडला आणि जोडताना थोडा फरक पडला, जीन ढिला झाला, एवढंच. असे बदल निसर्गात आपोआपही होतात. आपल्याकडे इतकी वर्षं पेरला जाणारा टीएजी-२४ भुईमूग घ्या, तो ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाने घडवलेल्या म्युटंटमधून, म्हणजे जीन बदललेल्या झाडातून आलाय, तिथे तर बदल झाडाच्या कुठल्याही जीनमध्ये झाले असते, तरी त्याला कुणी कधी जीएम म्हटलं नाही.

पण एक गोष्ट लपवायची नाही. क्रिस्परची कात्री भातात न्यायची तर सुरुवातीला बाहेरचा जीन घालावाच लागतो, मग पुढच्या पिढ्यांमधून ज्या रोपात बदल राहिला पण कात्रीचा जीन निघून गेला अशी रोपं निवडतात. शेवटच्या बियाण्यात परकं काही नाही, पण ते नाही हे तपासून दाखवावं लागतं.

आणि धोरणाचा सगळा प्रश्न इथेच येतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत, त्यानुसार जीएम पीक जीईएसीपुढे जातं, म्हणजे पर्यावरण मंत्रालयाची समिती. बीटी वांग्याला या समितीने होकार दिला होता, तरी फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. जीएम मोहरीला २०२२ मध्ये हिरवा कंदील मिळाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचा निकाल दोन दिशांना गेला. एडिटिंगला मात्र मार्च २०२२ मध्ये वेगळी वाट मिळाली, ज्यात परका डीएनए शिल्लक नाही अशा पिकांना या नियमांतल्या मुख्य अटींमधून सूट दिली. त्यांची तपासणी पीक तयार करणाऱ्या संस्थेतल्याच जैवसुरक्षा समितीपासून होते. मला ही सूट विज्ञानाच्या दृष्टीने बरोबर वाटते. फक्त सूट दिली म्हणून कागद कपाटात ठेवायचे असं होऊ नये, कमलाचं उत्पादन मूळ जातीपेक्षा १९ टक्के जास्त असं सांगितलं जातं तर कुठल्या केंद्रावर, कुठल्या हंगामात, किती आलं हा सगळा तक्ता शेतकऱ्याला बघता आला पाहिजे, सरकारी पैशातून झालेलं काम आहे ते.

आता मामांचा खरा राग. त्यांना जिवाणूच्या जीनशी काही देणंघेणं नाही, त्यांना दरवर्षी बियाण्याची पाकिटं घ्यावी लागतात आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली त्याचं दुःख आहे. पण दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं ते बीटीमुळे नाही हो, आपल्याकडे बीटी आणली ती हायब्रीड, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून केलेल्या कपाशीत, आणि हायब्रीडचं बी घरी ठेवलं की पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हाच जीन सरळ वाणात आहे, ज्याचं बी पुढच्या वर्षीही तसंच उगवतं. अळीचंही तसंच, ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं पाकीट यायचं ते बांधाला लावायचं होतं, म्हणजे न सरावलेल्या अळ्याही टिकल्या असत्या, फार थोड्यांनी लावलं, त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी ठेवून जादा वेचणी, घेत राहिलो, शेतात हंगामानंतरही अळीला खायला मिळालं आणि ती प्रथिनाला सरावली. आणि हा सराव जीन एडिट केलेल्या पिकातही होऊ शकतो, उद्या कुणी एडिट करून किडीला न जुमानणारं पीक आणलं तर तिथेही कीड सरावणारच.

हे सगळं सांगितल्यावर मामांनी एकच विचारलं, "मग या धानाचं बी घरी ठेवता येईल का नाही?" कमला हायब्रीड नाही, सरळ वाण आहे, त्यामुळे बी ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच उगवेल, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने घरचं बी ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क शेतकऱ्याला दिलेलाच आहे. पण क्रिस्परची मूळ पेटंट परदेशी संस्थांकडे आहेत, म्हणून बियाणं बाजारात येण्याआधी सरकारने लेखी सांगावं की त्या पेटंटचा एक रुपयाही मामांच्या पाकिटावर चढणार नाही.