कुणी हात न लावता फुटलेली काच

रात्री दोन वाजता शॉवरचं काचेचं दार स्फोटासारखा आवाज करून फुटतं. घरातले सगळे झोपलेले, खिडक्या बंद, धक्का लागण्याचा प्रश्नच नाही. लादीवर मात्र काचेच्या बारीक खड्यांचा ढीग. असे व्हिडिओ वरचेवर फिरत असतात आणि त्यांखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या: माल हलका होता, कंत्राटदाराने फसवलं, घराला नजर लागली. पहिल्या दोन शक्यतांकडे पुढे येऊ. तिसरीबद्दल एवढंच, की नजर काचेचा प्रकार बघून लागत नसावी. साधी काच उन्हाने तडकते, दगडाने फुटते, पण बसल्या जागी क्षणात तिचे हजारो तुकडे होत नाहीत. हा प्रकार फक्त टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या मजबूत काचेत होतो, आणि का होतो याचं उत्तर ती काच बनवण्याच्या पद्धतीतच आहे.

आधुनिक घरांत आणि कार्यालयांत जिथे जिथे माणसाचा काचेशी संबंध येतो, तिथे बहुतेक ठिकाणी टफन्ड काच असते: शॉवरची दारं, बिनचौकटीची पार्टिशनं, जिन्याचे कठडे, इमारतीचा दर्शनी पडदा. साध्या काचेची वाकवताना टिकणारी ताकद हिशेबात साधारण 45 मेगापास्कल (दाब किंवा ताण मोजायचं एकक) धरतात, टफन्डची 120. काचेचं रसायन दोन्हींत एकच. फरक आहे तो आत कोंडून ठेवलेल्या बलांचा.

काच दाबाला भक्कम असते आणि ओढीला दुबळी. याचं कारण ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने 1920च्या सुमारास दाखवलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. काच ओढली की प्रत्येक ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि एखादा ओरखडा चीर होऊन धावत सुटतो. दाबली तर ओरखड्याची तोंडं मिटतात. म्हणजे पृष्ठभाग कायम दाबाखाली ठेवता आला तर काम झालं. टफनिंगमध्ये नेमकं हेच करतात. आधी काच मापात कापून, कडा घासून, भोकं पाडून घेतात. मग भट्टीत सुमारे 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि बाहेर येताच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो, आतला भाग अजून मऊ असतो. नंतर आतला भाग थंड होऊन आकसू पाहतो, पण बाहेरची कवचं आधीच कडक झालेली असतात. आतला भाग त्यांना आत खेचतो. परिणामी दोन्ही पृष्ठभागांवर दाब आणि मध्यभागी ओढ, अशी कायमची रस्सीखेच काचेत बंदिस्त होते.

हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एकपंचमांश असतो. 10 मिलिमीटर काचेत वरचे 2 आणि खालचे 2 मिलिमीटर दाबाखाली, मधले 6 ओढीखाली. पृष्ठभागावर 100 मेगापास्कल दाब असेल तर मध्यावर सुमारे 50 मेगापास्कल ओढ असते. नखाने जाणवेल असा ओरखडा पडला तरी तो दाबाच्या थरातच थांबतो. पण चीर एकदा मधल्या पट्ट्यात शिरली की तिला बाहेरून ढकलावं लागत नाही. साठवलेली ऊर्जाच तिला सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पळवते, ती पुन्हा पुन्हा दुभंगते आणि दोन मीटर उंचीचं दार दोन मिलिसेकंदांच्या आत चुरा होतं. युरोपीय मानकाप्रमाणे 4 ते 12 मिलिमीटर जाडीची काच नीट टफन झाली असेल, तर फुटल्यावर 50 × 50 मिलिमीटरच्या चौकोनात किमान 40 तुकडे मोजता यायला हवेत. लहान, बोथट तुकडे माणसाला कमी कापतात. ‘सेफ्टी ग्लास’मधली सुरक्षितता ही, फुटल्यानंतरची. जाहिरातीतला ‘अनब्रेकेबल’ हा शब्द म्हणूनच निव्वळ थाप आहे.

आता प्रश्न असा, की बाहेरून काहीच लागलं नाही तर मधल्या पट्ट्यात चीर आली कुठून? 1950च्या दशकाच्या शेवटी मेलबर्नमध्ये आयसीआय हाउस ही काचेच्या दर्शनी भिंतीची उंच इमारत उभी राहिली आणि तिच्या टफन्ड काचा फुटून खाली पडू लागल्या. ई. आर. बॅलंटाइन या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 1961 साली गुन्हेगार शोधला: निकेल सल्फाइडचे सूक्ष्म कण. काचेच्या मूळ कृतीत निकेल नसतं. ते यंत्रांच्या स्टेनलेस स्टीलमधून किंवा निक्रोम या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या तुकड्यांतून चुकून येतं. गंधक इंधनातून येतं, किंवा वितळलेल्या काचेतले बुडबुडे घालवायला मिसळलेल्या सोडियम सल्फेटमधून. भट्टीत दोघांची गाठ पडते आणि 0.05 ते 0.5 मिलिमीटर आकाराचा गोलसर कण काचेत अडकून राहतो. कारखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत तो हमखास सापडेल असं नाही.

निकेल सल्फाइडची स्फटिकरूपं दोन. 379 अंशांच्या वर अल्फा हे रूप स्थिर असतं, त्याखाली बीटा. अल्फाचं बीटा होताना कण 2 ते 4 टक्क्यांनी फुगतो. आकारमानात 3 टक्के म्हणजे व्यासात साधारण 1 टक्का. 0.2 मिलिमीटरचा कण फुगला तर व्यासात 2 मायक्रोमीटरची भर. केसाच्या जाडीचा तिसावा भागही नाही! पण भोवती कडक काच आहे, तिला सरकायला जागा नाही, त्यामुळे कणाभोवती सूक्ष्म चिरा पडतात.

साध्या काचेत याने काही बिघडत नाही. ती कारखान्यात सावकाश थंड होते, कणाला रूप बदलायला वेळ मिळतो, आणि चीर पडलीच तरी तिला पळवणारी ओढ आत नसते. टफन करताना मात्र तीच काच पुन्हा 379च्या बरीच वर जाते, कण पुन्हा अल्फा होतो आणि हवेच्या झोतात काही सेकंदांत थंडगार पडतो. अणूंना नव्या रचनेत बसायला उसंतच मिळत नाही. कण अल्फा रूपातच गोठतो. खोलीच्या तापमानाला हे रूप अस्थिर असतं, तरी अणूंची हालचाल इतकी मंद असते की बदल पुरा व्हायला महिने, वर्षं, कधी दहा वर्षांहूनही जास्त काळ जातो. उन्हात तापणाऱ्या काचेत तो लवकर होतो. ज्या क्षणी चीर पुरेशी मोठी होते, त्या क्षणी काच जाते. रात्री दोनची वेळ निवडण्यामागे कुणाचा हात नसतो. कण पृष्ठभागालगतच्या दाबाच्या थरात असेल तर तो जन्मभर निरुपद्रवी राहतो. धोका फक्त मधल्या 60 टक्के जाडीत अडकलेल्यांचा.

यावर उपाय आहे, आणि तो कणाच्याच स्वभावावर बेतलेला आहे. त्याला हीट सोक टेस्ट म्हणतात. टफन केलेल्या काचा मध्ये फटी ठेवून ओव्हनमध्ये उभ्या करतात, तापवतात, दोन तास त्या तापमानाला ठेवतात आणि मग निववतात. जो बदल भिंतीवर पाच वर्षांनी झाला असता तो इथे काही तासांत होतो. दगाबाज काच कारखान्यातच फुटते, उरलेली माल म्हणून जाते. तापमानाची निवड गमतीची आहे. कमी ठेवलं तर बदल मंद. वाढवत 379च्या जवळ नेलं तर बीटा होण्याची प्रवृत्तीच क्षीण होते, आणि ओलांडलं तर कण आनंदाने अल्फाच राहतो. शिवाय कणात गंधक किंचित जास्त असेल तर रूप बदलण्याचं तापमान शंभरेक अंशांनी खाली घसरू शकतं. युरोपीय मानकात आधी 290 अंश होतं, 2016च्या आवृत्तीत ते 260 केलं गेलं.

चाचणी फसते ती बहुधा मोजणीत. ओव्हनमधल्या हवेने ठरलेलं तापमान गाठलं की काही ठिकाणी घड्याळ सुरू करतात, पण गठ्ठ्याच्या मधल्या काचा तोवर बऱ्याच थंड असतात. दोन तास मोजायचे ते शेवटच्या काचेचा पृष्ठभाग तापल्यापासून. म्हणून नुसतं प्रमाणपत्र न मागता काचेच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा आलेख मागावा. इतकं करूनही धोका शून्य होत नाही. 400 टन काचेमागे जास्तीत जास्त एक काच फुटावी, अशी मानकाची अपेक्षा आहे. 10 मिलिमीटर काच चौरस मीटरला 25 किलो भरते, म्हणजे 16,000 चौरस मीटरमागे एक.

आता कंत्राटदाराकडे. घरातल्या फुटलेल्या प्रत्येक दाराचं खापर निकेल सल्फाइडवर फोडणं हीसुद्धा पळवाटच. टफन्ड काचेची दुखरी जागा म्हणजे कड आणि भोक. काच बिजागरीच्या धातूला थेट टेकली, मधली मऊ पट्टी (गॅस्केट) सरकली, स्क्रू जास्त आवळला, किंवा बसवताना खालचा कोपरा फरशीवर आपटून बारीक टवका उडाला, तर ती त्या दिवशी टिकते आणि काही महिन्यांनी दार लावताना जाते. भोकाचे नियम सोपे आहेत, तरी पाळले जात नाहीत: व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, कडेपासून अंतर किमान जाडीच्या दुप्पट, कोपऱ्यापासून सहापट. जड काच चौकटीच्या तळाशी थेट न ठेवता रबरी ठोकळ्यांवर, दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर टेकवायची. टफन झाल्यावर ती कापता, घासता किंवा तिला भोक पाडता येत नाही. माप अर्ध्या सेंटिमीटरने चुकलं तर नवी काच, दुसरा मार्ग नाही.

दोन्ही कारणांतला फरक तुकड्यांवरून ओळखता येतो, पण ते जागेवर टिकले असतील तरच. सगळ्या चिरा जिथून पसरल्यात ती जागा शोधायची. ती कडेला किंवा भोकापाशी असेल तर दोष बसवण्याचा. ती काचेच्या मधोमध असेल, तिथे शेजाऱ्यांपेक्षा मोठे दोन बहुकोनी तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे जोडलेले असतील आणि त्यांच्या सामाईक कडेवर जाडीच्या मध्याजवळ बारीक ठिपका दिसत असेल, तर निकेल सल्फाइडचा संशय बळकट होतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. शॉवरच्या काचेवर आधीच पारदर्शक फिल्म लावली असेल तर चुरा खाली कोसळत नाही आणि पुरावाही हातचा जात नाही.

डोक्यावरच्या काचेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. टफन्डचे तुकडे सुटे पडतील या भरवशावर राहू नये, ते गठ्ठ्यागठ्ठ्यांनी एकत्र पडतात आणि उंचावरून आलेला तसा गठ्ठा डोकं फोडतो. स्कायलाइट, छत, उंच कठडे इथे लॅमिनेटेड काच हवी: दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर, जाडी सहसा 0.76 किंवा 1.52 मिलिमीटर. फुटलेले तुकडे त्याला चिकटून राहतात. इथेही एक खोच आहे. दोन्ही काचा टफन्ड असल्या आणि दोन्ही फुटल्या, तर बारीक तुकड्यांच्या त्या चादरीत ताठपणा उरत नाही. ती वाकून चौकटीतून निसटू शकते. त्यासाठी हीट स्ट्रेंग्थन्ड काच वापरतात. ती तशीच तापवतात, पण टफन्डपेक्षा सावकाश थंड करतात. ताकद साध्या काचेच्या दीडपट, आतली ओढ कमी, त्यामुळे निकेल सल्फाइडने फुटण्याची भीती जवळपास नाही. फुटलीच तर मोठे तुकडे होतात, एकमेकांत अडकून बसतात, आणि दुरुस्ती होईपर्यंत छत जागेवर राहतं. सुटी वापरली तर हीच काच धोकादायक, कारण मोठ्या तुकड्यांना धार असते. म्हणून ती शॉवरच्या दाराला चालत नाही.