चकचकीत पुंगळी डायमध्ये का अडकते?

पिस्तुलाच्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायची, तर आधी तिला मूळ मापावर आणावं लागतं. जिथे कायद्याने मुभा आहे तिथले नेमबाज हे काम टेबलाला बसवलेल्या छोट्या हातप्रेसवर करतात. पुंगळी शेल होल्डरमध्ये, म्हणजे तिची बुडाची कड धरणाऱ्या खाचेत, उभी करायची, दांडा ओढायचा, ती वर चढून पोलादी डायमध्ये, म्हणजे आवळून माप देणाऱ्या साच्यात, शिरते आणि आवळली जाऊन खाली उतरते. शेकडो पुंगळ्या अशा निघतात. मग एखादीच्या वेळी दांडा जड होतो, करकर ऐकू येते आणि पुंगळी आत रुतते. आणखी जोर लावला की होल्डर तिची कड फाडून मोकळा होतो आणि पुंगळी तशीच आत राहते.

अशा वेळी पहिला संशय घाणीवर जातो. घाणीचा वाटा असतोही. पण पुंगळ्या घासूनपुसून आरशासारख्या केल्यावर अडकणं वाढलं, असाही अनुभव अनेकांना येतो. हे कोडं सुटायचं, तर पितळ काय करतं ते आधी पाहायला हवं.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. या प्रमाणात जस्ताचे अणू तांब्याच्या स्फटिकरचनेत सामावून जातात आणि धातू एकजिनसी राहतो. तो न फाटता खूप ताणला जातो, म्हणून चपट्या चकतीची वाटी आणि वाटीची नळी ओढून काढता येते. मात्र प्रत्येक ओढीबरोबर तो कडक होत जातो. बार उडतो तेव्हा याच नळीची परीक्षा असते. 1902 पासून वापरात असलेल्या 9 बाय 19 मिलिमीटरच्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा 235 मेगापास्कल आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 2,300 पट. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे पिस्तुलात काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. दाब उतरला की ती थोडी आक्रसते, म्हणूनच बाहेर निघते. पण पूर्वीइतकी बारीक होत नाही.

हे ‘थोडी आक्रसते’ म्हणजे किती, यात सगळी गंमत आहे. कडक झालेलं पितळ स्वतःच्या मापाच्या साधारण 0.3 ते 0.4 टक्के इतकं ताणलं किंवा दाबलं गेलं, तरी सोडल्यावर जागेवर येतं. 9.9 मिलिमीटर व्यासाच्या पुंगळीत हे तीन-चार शतांश मिलिमीटर होतात, केसाच्या जाडीच्या निम्म्याइतके. पोलाद पितळापेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असल्यामुळे डाय फारशी हलत नाही, सगळं देणं-घेणं पितळच करतं. म्हणून डाय पुंगळीला हव्या मापापेक्षा किंचित जास्त आवळते. बाहेर आल्यावर ती फुलून बरोबर मापावर येते. पण आत असताना तिला फुलायला जागा नसते. ती डायच्या भिंतीला बाहेरच्या दिशेने रेटत राहते. उतरताना दांडा जड लागतो तो या रेट्यामुळे.

हा रेटा सगळीकडे सारखा नसतो. तो भिंतीच्या जाडीबरोबर वाढतो. तोंडाशी पातळ असलेली पुंगळी बुडाकडे जाड होत जाते. जाडी तिप्पट झाली तर त्याच व्यासाला पकडही साधारण तिप्पट होते. त्यामुळे दांड्याचा सुरुवातीचा बराच प्रवास सोपा जातो आणि शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये घात होतो. ज्या पिस्तुलाच्या चेंबरचा बुडाशी आधार कमी असतो, त्याच्या पुंगळ्या नेमक्या तिथेच जास्त फुगलेल्या असतात. अशा पुंगळ्या वेगळ्या काढाव्यात, आणि फुगवटा एका बाजूला उठून दिसत असेल तर सरळ भंगारात टाकाव्यात, असं माझं ठाम मत आहे. तिथलं पितळ एकदा ताणलं गेलेलं आहे आणि पुढच्या बाराला तिथेच कमी आधार मिळणार आहे.

आता घर्षण. दोन खडबडीत पृष्ठभागांचे उंचवटे एकमेकांत अडकतात म्हणून घर्षण होतं, असं आपल्याला शाळेपासून वाटत असतं. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं, की धातूंच्या बाबतीत खरी गोष्ट चिकटण्याची आहे. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या टोकांवरच टेकलेले असतात. त्या टोकांवर दाब इतका होतो की धातू चेपला जातो आणि उष्णतेशिवाय जोडला जातो. सरकवायचं म्हणजे हे बारीक सांधे तोडत जायचं. एरवी ऑक्साइडचा पापुद्रा, ओशटपणाचा अंश, काजळी असं काहीतरी मध्ये असतं म्हणून धातू एकमेकांना भेटत नाहीत. डायमधल्या दाबाखाली तो पापुद्रा फाटतो, उघडं पितळ पोलादाला भिडतं आणि त्याचा कण भिंतीवर राहून जातो. पुढच्या पुंगळीला तिथे पोलादाऐवजी पितळ भेटतं, आणि सारखे धातू एकमेकांना आणखी सहज चिकटतात. कणाचा डाग होतो, डागाची रेघ होते. म्हणूनच हे दुखणं हळूहळू वाढतं आणि एका पुंगळीवर येऊन फुटतं. त्या शेवटच्या पुंगळीचा दोष बहुधा काहीच नसतो.

पिस्तुलाच्या डायमध्ये टंगस्टन कार्बाइडचं कडं बसवतात ते यासाठीच. या पदार्थाची जन्मकथा मला फार आवडते. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत आणि त्या महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना जर्मनीत ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी 1923 मध्ये टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधायची युक्ती साधली. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या विडिया या नावाने विकला. म्हणजे हा पदार्थ जन्मलाच धातू आवळून ओढण्याच्या कामासाठी. तो कडक पोलादापेक्षाही कितीतरी कठीण असतो, त्याला आरशासारखी झिलई चढते, आणि त्यातले अणू धातूसारखे मोकळेपणाने दुसऱ्या धातूशी जोडले जात नाहीत. त्यामुळे सरळ पुंगळ्या वंगणाशिवायही चालतात. तरी दर पाच-सहा पुंगळ्यांमागे एकीला वंगणाचं बोट लावलं, तर हाताला लगेच फरक कळतो. साध्या पोलादी डायमध्ये मात्र वंगणाशिवाय एकही पुंगळी घालू नये.

9 मिलिमीटरची पुंगळी इथे थोडी वेगळी वागते, कारण ती सरळ नळी नाही. बुडाशी 9.93 आणि तोंडाशी 9.65 मिलिमीटर, अशी ती निमुळती आहे. हा उतार मोर्स टेपरपेक्षाही, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या ड्रिलच्या निमुळत्या शेपटापेक्षाही, मंद आहे, आणि मोर्स टेपर निव्वळ घर्षणावर घट्ट बसून राहतो. त्यामुळे ही पुंगळी आत पाचरीसारखी बसते. सुटताना सुरुवातीचा झटका मोठा लागतो, पण एकदा हलली की मोकळी होते. सरळ पुंगळी पूर्ण लांबीभर सारखी घासत उतरते. हातातल्या दांड्याला हा फरक स्पष्ट जाणवतो, आणि निदानाची सुरुवात तिथूनच करावी: अडतंय कधी, चढताना की उतरताना?

चढतानाच अडत असेल तर पुंगळीवर संशय घ्या. 9 बाय 18 मिलिमीटरची मकारोव्ह पुंगळी ढिगात मिसळली असेल, तर ती जवळजवळ सरळ आणि तोंडाशी जास्त रुंद असल्यामुळे 9 बाय 19 च्या डायमध्ये लगेच जड जाते. ती एक मिलिमीटरने आखूडही असते. पितळी मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या चुंबकाने पकडता येतात. ॲल्युमिनियमच्या तर चिकटण्यात पितळाच्याही पुढे. त्या बाजूला ठेवाव्यात.

उतरताना अडत असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: नेमकं कुठे? पहिल्या डायमध्ये, की गोळी बसावी म्हणून तोंड फुलवणाऱ्या दुसऱ्या डायच्या खुंटीवर? सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर या दुसऱ्या जागी आहे. बार उडाल्यावर पुंगळीच्या आत काजळीचा पातळ थर राहतो आणि तो कोरड्या वंगणाचं काम करतो. पाणी, साबण आणि पोलादी सळ्यांबरोबर फिरवून धुतलेल्या पुंगळीच्या आतून तो पार निघून जातो. मग उघडं पितळ खुंटीला कवटाळतं आणि सुटताना सगळं प्रेस हादरतं. पुंगळीत दारू भरलेली असेल तर ती बाहेर सांडते, मापाचा भरवसा जातो. अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात कोरड्या फिरवलेल्या पुंगळ्यांना हा त्रास बराच कमी होतो. ओल्या धुलाईचाच आग्रह असेल, तर तोंडाच्या आत वंगणाचा नुसता वास लागेल इतका अंश पुरतो. खुंटीला झिलई करावी ती वेगळी.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. पितळ चमकवणाऱ्या ज्या द्रावणांत अमोनिया असतो ती पुंगळीला लावू नयेत. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढकामात पितळात राहून गेलेला ताण या तिघांनी मिळून ते घडत असे. 1921 मध्ये त्याचा उलगडा झाला. पुन्हा पुन्हा आवळलेल्या पुंगळीतही तसाच ताण साठलेला असतो.

वंगणात लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, माझ्या मते सर्वांत भरवशाचं. तेलासारखं ते दाबाखाली बाजूला पळत नाही. त्याचे लांब रेणू धातूला धरून राहतात आणि जेमतेम रेणूभर जाडीचा थर धातूंना वेगळं ठेवतो. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारतात. इथे घाई नडते, कारण अल्कोहोल उडून जाण्याआधीच पुंगळी डायमध्ये घातली तर मध्ये वंगण नव्हे, अल्कोहोल असतं. काही मिनिटं थांबा. आणि काम झाल्यावर पुंगळी पुसून घ्या, कारण वंगण लागलेली पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा रेटा पिस्तुलाच्या मागच्या भागावर येतो.

ओरखडेही बोलतात. प्रत्येक पुंगळीवर एकाच खोलीची, एकसारखी उभी रेघ उमटत असेल तर डायच्या भिंतीला पितळ किंवा रेतीचा कण चिकटलेला आहे. रेघा कधी दिसतात, कधी नाही, कधी इथे, कधी तिथे, तर रेती पुंगळ्यांवर आहे आणि धुण्यात कसर आहे.

अडकलेली पुंगळी काढायला पुष्कळ जण डाय फ्रीजरमध्ये ठेवा म्हणतात. हिशोब करून पाहू. एक अंश तापमानाला पितळ पोलादापेक्षा साधारण 8 दशलक्षांश भागाने जास्त आक्रसतं. 40 अंश थंड केलं, तर 9.9 मिलिमीटरवर फरक पडतो 0.003 मिलिमीटर. पितळाचा रेटा तीन-चार शतांशांचा, म्हणजे याच्या दहापट. कार्बाइडचं कडं पोलादापेक्षाही कमी आक्रसतं म्हणून तिथे फरक दुपटीच्या जवळ जातो, तरी तो अपुराच. थंडी मदतीला बरी, एकटी पुरी पडत नाही. त्यापेक्षा डाय प्रेसमधून काढा, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढणारी सुई वरून सोडवून बाहेर घ्या आणि वरच्या भोकातून बसेल असा पितळी दांडका पुंगळीच्या बुडावर आतून टेकवून ठोका. पुंगळीत न उडालेला प्रायमर असण्याची पुसटशी शक्यता असेल, तर ठोकू नका. सुई जागेवर अडकून बसली असेल तर बुडाला भोक पाडून आटे पाडायचे आणि बोल्टने ओढून काढायचं, हा दुसरा मार्ग. मात्र तोही प्रायमर नसलेल्या पुंगळीसाठीच.

पुंगळी निघाली की लगेच पुढची घालू नका. डाय उजेडाकडे धरून आत पाहा. भिंतीवर पिवळी झाक किंवा रेघ दिसली, तर लाकडी काडीवर कापड गुंडाळून बारीक पॉलिशने, काडी फिरवत, ती पूर्ण जाईपर्यंत घासा. कार्बाइडला यातून इजा होत नाही, पोलादी डायला मात्र हलका हात लागतो.