कचेरीचा जिना आणि हृदय
लातूर, नांदेड, परभणीच्या बहुमजली कार्यालयांत सकाळी लिफ्टसमोर रांग लागते आणि शेजारचा जिना रिकामाच असतो. खांद्याला डबा अडकवून त्या जिन्याने वर जाऊन पाहावे. पहिल्या मजल्यापर्यंत विशेष काही वाटत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र पोटऱ्या भरून येतात, बोलता बोलता वाक्य तुटते आणि मानेजवळ बोट ठेवताच नाडी लागते.

हा दम चांगला आहे. प्रत्येक पायरीवर सगळ्या शरीराचे वजन उचलावे लागते. 70 किलो वजनाचा माणूस 3 मीटर चढतो तेव्हा सुमारे 2,000 ज्यूल काम होते. पण स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्साच कामी लावू शकतात, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च चौपट किंवा त्याहून अधिक होतो. तेवढा प्राणवायू मांड्यांना तातडीने पुरवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात, दर ठोक्याला अधिक रक्त बाहेर पडते, आणि वाढलेल्या प्रवाहामुळे धमन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून त्यांना सैल करते. रोजच्या सरावाने तेच काम हृदयाला कमी ठोक्यांत जमू लागते.

कामाच्या जागेवरचा जिना आणि हृदयविकार यांचा संबंध ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसमध्ये दाखवला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. हे वाहक रोज 500 ते 750 पायऱ्या चढत, म्हणजे आपल्या देवगिरी किल्ल्याची जवळजवळ अख्खी चढण. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद निघाल्या; त्यामुळे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही, आणि ही शंका त्यांनी स्वतःच पुढे आणली, हे मला फार मोलाचे वाटते.

सलग वेळ मिळत नाही, ही अडचण आता उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये व्यायाम मोजण्यासाठीची सलग 10 मिनिटांची अट काढून टाकली, त्यामुळे फाइल घेऊन चढलेला एक मजलाही हिशेबात धरला जातो.

मे महिन्यातल्या दुपारी मात्र पाणी पिऊन सावकाश चढावे, आणि गुडघे दुखत असतील तर उतरताना लिफ्ट घ्यावी. चढताना छातीत दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली किंवा घेरी आली, तर तिथेच पायरीवर बसावे, सहकाऱ्याला हाक मारावी आणि तडक रुग्णालय गाठावे.