क्लिफहँगर वेगळा, ओपन एंडिंग वेगळी, शिव्या मात्र दोघांना सेम

क्राइम सिरीजचा सीझन संपला आणि उत्तर मिळालं नाही की सगळीकडून एकच ऐकू येतं, "काय राव, अर्धवटच सोडलं." कोणी त्याला क्लिफहँगर म्हणतं, कोणी ओपन एंडिंग, आणि कधीकधी तर एकच माणूस दोन्ही म्हणतो. पण या दोन्हीत बराच फरक आहे, आणि लोक चिडतात तेही वेगवेगळ्या कारणांनी. (पुढे स्पॉयलर आहेत, सगळ्या जुन्या सिरीज आहेत म्हणून बिनधास्त लिहितोय.)

क्लिफहँगर म्हणजे सरळ उधारी. उत्तर आहे, फक्त आज देत नाही, पुढच्या सीझनला ये. बीबीसीच्या शेरलॉकमध्ये जानेवारी २०१२ ला तो हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारतो, त्याचा मित्र जॉन डोळ्यांनी बघतो, आणि शेवटी कबरस्तानात शेरलॉक जिवंत उभा दाखवतात. म्हणजे जगला की मेला हा घोळच ठेवला नाही, कसा वाचला एवढंच लपवलं. पुढचा एपिसोड यायला १ जानेवारी २०१४ उजाडलं, लोक वैतागले पण त्या वैतागात मजा होती, जो तो आपली थिअरी मांडत बसला होता.

आता उधारी बुडवली की काय होतं ते बघायचं तर द किलिंग. सिएटलमधली रोझी लार्सन नावाची मुलगी, तिचा खून, आणि पोस्टरवरच प्रश्न छापलेला की रोझीला कोणी मारलं. १३ एपिसोड, पाऊस, अंधार, दर एपिसोडला नवा संशयित. १९ जून २०११ ला फिनाले, नेता असलेल्या रिचमंडला अटक होते, आणि तेवढ्यात विमानात बसलेल्या तपास अधिकारी लिंडनला कळतं की त्याच्याविरुद्धचा टोलनाक्यावरच्या फोटोचा पुरावाच खोटा आहे. संपला सीझन. लोक भयंकर भडकले, आणि माझ्या मते बरोबरच भडकले, कारण पोस्टरवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर याच सीझनला मिळणार असंच सगळे धरून बसले होते. त्यात मूळ डॅनिश सिरीजने २० एपिसोडच्या पहिल्या सीझनमध्येच खुनी दाखवला होता, मग हे अजूनच टोचलं. उत्तर दिलं शेवटी, पण २०१२ ला, दुसऱ्या सीझनच्या शेवटी, तोवर बऱ्याच जणांनी नाद सोडला होता.

ओपन एंडिंगमध्ये मात्र पुढे काही यायचंच नसतं. द सोप्रानोज, १० जून २००७. माफिया बॉस टोनी न्यू जर्सीतल्या एका साध्या डायनरमध्ये बसलाय, बायको येते, मुलगा येतो, ओनियन रिंग्ज येतात, बाहेर मुलीला गाडी पार्क करायला काही केल्या जमत नाही, आत एक अनोळखी माणूस बाथरूमकडे जातो, दारावरची घंटी वाजते, टोनी वर बघतो आणि स्क्रीन काळी. काही सेकंद नुसता अंधार, कित्येकांना वाटलं केबलच गेली! मग राडा. एक गट म्हणतो मेला, कारण त्याच सीझनमध्ये बोटीत बसून त्याचा मेहुणा बॉबी बोललेला असतो की गोळी लागते तेव्हा बहुतेक आवाजही येत नाही. दुसरा म्हणतो मेला नाही, आयुष्यभर असाच दाराकडे बघत जगणार. सिरीजचा निर्माता डेव्हिड चेसने कितीतरी वर्षं सरळ उत्तर दिलं नाही.

फरक ओळखायची माझी पद्धत साधी आहे, मनातल्या मनात अजून एक सीन जोडून बघायचा. शेरलॉकला जोडा, बरं वाटतं, तहान भागते. सोप्रानोजला जोडा, टोनी मेलेला दाखवा नाहीतर बिल भरून घरी चाललेला दाखवा, त्या डायनरमधला सगळा ताण गेला ना? त्या सीनमध्ये प्रत्येक उघडणाऱ्या दाराकडे आपणही टोनीसारखेच बघत असतो, तेच तर हवं होतं त्यांना.

आणि मग आपलं सेक्रेड गेम्स. गँगस्टर गायतोंडे पहिल्याच एपिसोडला सांगतो मुंबईकडे २५ दिवस आहेत, दोन सीझन आपण दिवस मोजतो, ऑगस्ट २०१९ ला दुसरा सीझन येतो, शेवटी पोलीस इन्स्पेक्टर सरताज बॉम्बसमोर बसून तो बंद करायला पॅटर्न ट्राय करतोय आणि कट. फुटला म्हणणारे वेगळे, वाचली म्हणणारे वेगळे, आणि तिसरा सीझन येईल थांबा म्हणणारे सगळ्यात जास्त. तो आला नाही. आता काही जण म्हणतात की गोष्ट खरी सरताजची आणि त्याच्या बापाची होती, बॉम्ब निमित्त होता, म्हणून ती ओपन एंडिंगच. थोडं पटतं, पण पूर्ण नाही. बॉम्ब फुटला की नाही याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि तारीख देऊन मोजायला आपल्याला त्यांनीच बसवलं होतं. हा क्लिफहँगरच, फक्त पुढचा सीझन न आल्यामुळे ओपन पडलेला. सिरीज ज्यावर बेतली त्या विक्रम चंद्रांच्या कादंबरीत मुंबई वाचते, ज्यांना फारच चैन पडत नाही त्यांनी ती वाचावी, जाडजूड आहे पण.