भंगारात देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा
जुन्या विजेच्या वस्तूंपासून वाद्ये : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गणेश चवथीची साफसफाई सुरू झाली की गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या दुकानाच्या दारात टेबलफॅन येऊन पडतात. जाळी गंजलेली, पाती मोडलेली, पण मोटर शाबूत. "याचं वाजणारं काही होईल का हो?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे पत्रक. होतं. पण सगळ्या वस्तूंचं होत नाही, आणि जे होतं ते पेटीसारखं गोड वाजत नाही. त्याचा आवाज थोडा नाकातला, थोडा भुंग्यासारखा. दुकानात येऊन ऐका, मग ठरवा.

पंख्याची पेटी

सर्वात जास्त मागणी हिलाच. कल्पना आमची नाही. जपानमध्ये एइ वादा आणि त्यांचे सहकारी २०१५ पासून 'इलेक्ट्रॉनिकोस फँटास्टिकोस' या नावाने टाकाऊ पंख्यांवर आणि जुन्या टीव्हींवर मैफली करतात. आम्ही ती युक्ती आपल्या सरगमीला बसवली, एवढंच.

पाती काढून त्या जागी पातळ काळी चकती बसते. चकतीवर एकाबाहेर एक अशी भोकांची आठ वर्तुळं असतात: २४, २७, ३०, ३२, ३६, ४०, ४५ आणि ४८ भोकांची. प्रत्येक वर्तुळामागे एक एलईडी, आणि समोर बागेतल्या सोलर दिव्यातून काढलेली काचपट्टी. बटण दाबलं की त्या वर्तुळाचा दिवा लागतो. फिरती भोकं प्रकाश तोडत राहतात, पट्टीत तितक्याच वेळा वीज कमी-जास्त होते, आणि ती ॲम्प्लिफायरला दिली की स्वर. पंखा मिनिटाला १,१०० फेरे घेत असेल तर २४ भोकांतून सेकंदाला ४४० वेळा प्रकाश येतो. म्हणजे पेटीवरची पांढरी सहा, सप्तकातली सहावी पांढरी पट्टी.

गाणाऱ्यांनी हे आकडे जरा निरखून पाहावेत. २४ हा षड्ज. त्याच्या दीडपट ३६, तो पंचम. सव्वापट ३०, तो शुद्ध गंधार. पेटीचा गंधार तानपुऱ्याशी किंचित चढा लागतो ही कानसेनांची जुनी तक्रार. चकतीचा लागत नाही, कारण इथे स्वर भोकं मोजून पाडलेले आहेत. भैरवीची चकती वेगळी मिळते: ३०, ३२, ३६, ४०, ४५, ४८, ५४, ६०. ती लावल्यावर रेग्युलेटरने पंखा ८८० फेऱ्यांवर आणा, षड्ज पुन्हा पांढऱ्या सहावर येतो. काढा-घालायला एक नट, बस्स.

आता खोट सांगतो. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते आणि सुराची पट्टी उतरते. सगळे स्वर एकदमच उतरतात, त्यामुळे एकटं वाजवताना गाणं बेसूर होत नाही, फक्त खाली जातं. शेजारी पेटी असेल तर मात्र फजिती. एका आरतीला पांढरी सहात सुरू केलेलं, समोरच्या घरात पाण्याचा पंप लागताच अर्धा स्वर खाली, काळी चारात गेलं आणि पेटीवाल्याने आमच्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही. साथीला घ्यायची असेल तर स्टॅबिलायझर लावा. उलट, रेग्युलेटर हळूच फिरवला की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मिळते, जी पेटीला जन्मात जमणार नाही.

वाजवताना जवळची ट्यूबलाइट बंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, सोलर पट्टीला कळतं, आणि खर्जात एक घरघर सुरू होते. दुरुस्तीला आलेल्या दर दहांतल्या निम्म्या पेट्यांना झालेलं नसतं काहीच, वर ट्यूब असते.

कॅसेटचा गज

घरोघरी नाट्यगीतांच्या आणि भजनांच्या कॅसेटी पडून आहेत, बुरशी आलेल्या, गुंता झालेल्या. टेपचा चांगला राहिलेला तुकडा आम्ही लाकडी पट्टीवर ताणून चिकटवतो आणि तुमच्याच टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, त्यावरून सारंगीच्या गजासारखं फिरवायचं. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणून फूटभर पट्टीत साधारण सव्वासहा सेकंदांचं गाणं मावतं. त्याच वेगाने ओढलंत तर गायक ओळखू येतो, जोरात ओढलंत तर मुंगीचा आवाज, मागे नेलंत तर उलटं. हेडमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, ती मोठी करणारं सर्किट टेपरेकॉर्डरमध्येच असतं. म्हणून नुसती कॅसेट नको, यंत्रही आणा. आणि ती कॅसेट घरात एकुलती एक असेल तर आधी तिची नक्कल काढून घ्या. कापलेली टेप आम्ही परत जोडून देत नाही.

घुमटासाठी

घुमट म्हणजे आपलं मातीच्या मडक्याचं, एका तोंडाला चामडं लावलेलं वाद्य. ही वस्तू वाद्य नव्हे, त्याला जोड. गजराच्या घड्याळात किंवा वॉशिंग मशीनमध्ये टीं-टीं करणारी पितळी चकती असते. वीज दिली की ती थरथरते, आणि थरथरवली तर वीज देते. ती घुमटाच्या मातीच्या अंगाला चिकटवली की झाला माईक. चामड्याला लावू नका, स्वर दबतो. डाव्या हाताने मागचं तोंड झाकत-उघडत काढलेला घुमार बाहेरच्या माईकला नीट सापडत नाही, याला सापडतो. २०१९ मध्ये घुमटाला गोवा राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाल्यापासून शाळांची पथकं वाढली आहेत, त्यांना हे स्वस्तात पडतं. घोरपडीचं चामडं असलेल्या जुन्या घुमटाला आम्ही हात लावणार नाही, कायद्याने ते बंद आहे. शेळीच्या चामड्याचं आणा.

हे आणू नका

जाड काचेचे जुने टीव्ही आणि मायक्रोवेव्ह. टीव्हीच्या नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ साठून राहतात. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर तर जीवच घेईल. घरी उघडून "फक्त आतलं काढून आणलंय" असं कृपया करू नका. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या, सीएफएल दिवे, फ्रिज हेही नकोत.

वस्तूतून आमच्या कामाचं काढून उरतं ते आम्ही रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देत नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जातं.

दर आणि मुदत

दर वस्तू पाहून, तोंडी नाही, कागदावर. पंख्याच्या पेटीला तीन आठवडे, चवथीच्या आधी पाच. हमी सहा महिन्यांची, पण खाऱ्या हवेचा गंज आणि मुंग्या त्यात धरलेल्या नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटं वाजवत राहिलात तर दोन्हींचा त्रास कमी होतो. पंखा आणताना खालचा स्टँडही आणा. पुष्कळजण तो घरीच ठेवून येतात.